मगनबुवांचा गंधार

चोपडा, ता. ३ नोव्हेंबर १९३५

चिरंजीव लीलाधर, मामाचे आशीर्वाद.

तुझे छापील निमंत्रण पोचले. त्यात 'गायनशिक्षक श्री. चुडामण' असे शाईने भरलेले तुझ्या मामीला वाचून दाखवले. झुंबरबाई म्हणते, "शिक्षक तं शेतस, पन चार दिन धुयाले राहशात कसा? उशी बदलनी तं झोप येत नही तुमले." ती तिची थट्टा झाली, पण मला खरोखरच काळजी लागली आहे.

नाताळच्या सुटीत चार दिवस, पूर्व-पश्चिम दोन्ही खानदेशांतले साठ गायनशिक्षक, सकाळी वर्ग आणि संध्याकाळी जलसे. हे चांगलेच आहे. पण त्यात 'स्वरलेखनाचा वर्ग' असे एक लिहिले आहे. तो सर्वांना सक्तीचा आहे काय? मी मराठी चौथी झालेला माणूस. तीस वर्षे शाळेत पदे शिकवली ती तोंडाने आणि पेटीने. फळ्यावर सूर लिहून कधी शिकवले नाही. तेथे सर्वांसमक्ष माझ्या हातात खडू दिला तर काय करू? शिवाय तापी नावेने ओलांडायची, पेटीला पाणी लागले तर? अमळनेरच्या मोटारीत पेटी टपावर टाकायला सांगतात, ते मी ऐकणार नाही. तसे असेल तर आधीच कळव.

तरीही येणार आहे. कारण तुला सांगून ठेवतो. माझे गुरू मगनबुवा भडगावकर यांचे एक पद मजजवळ आहे. ते मी आजवर कोणालाही दिले नाही, तुलासुद्धा नाही. बुवांची आज्ञा होती की ज्याचा षड्ज पक्का असेल त्यालाच हे द्यावे, कच्च्या गळ्यात घालू नये. तू पक्का झालास तेव्हा नोकरीवर धुळ्याला निघून गेलास. पुढे माझा घसा बसला, तो बसलाच. बोलतो तेवढेच, गाता येत नाही. आता मला सदुसष्टावे लागले. साठ तयार गळे एका मंडपात बसणार, असा योग मला परत यायचा नाही. ते पद तेथे ठेवून आलो की मी मोकळा. न ठेवता गेलो तर ते माझ्याबरोबर गेले. या विचाराने हल्ली जेवण जात नाही.

कळावे. उत्तर लवकर धाड, नाहीतर मी रोज टपालवाल्याची वाट अडवून उभा राहतो आणि तो चिडतो.

चुडामण

*

धुळे, ता. ११ नोव्हेंबर १९३५

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

खडूची काळजी अगदी सोडा. स्वरलेखनाचा वर्ग जळगावच्या कन्याशाळेतल्या प्रमिलाबाई घेणार आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नुसते वाजवायचे, बाई ऐकून लिहून घेतील. अशी जमलेली पदे आम्ही पुस्तक करून छापणार आहोत आणि ते दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांत जाईल. तुमचे पद मी पहिल्या पानावर घालणार, हे आजच ठरवले. अठ्ठावीस तारखेला सकाळी नऊ वाजता तुमची वेळ ठेवली आहे. मोटारीत पेटी मांडीवर घेऊ देतील, मी अमळनेरला स्वतः येतो.

एकच गोष्ट. पुण्याचे आणि नाशिकचे काही पाहुणे येणार आहेत. विद्वान आहेत, पण कान फार तिखट. सूर जरा इकडचा तिकडे झाला की एकमेकांकडे पाहून हसतात. गेल्या साली एका वृद्ध शिक्षकांची त्यांनी भर सभेत फटफजिती केली, ती मी पाहिली आहे. सोनगीरचा वना मिस्तरी चारही दिवस मंडपाशेजारी बसून सर्वांच्या पेट्या तपासणार आहे. हात सोन्यासारखा आहे त्याचा. तुमच्या पेटीलाही एकदा दाखवून घेऊ का? ती बुवांच्या वेळची, जुनी झाली.

मामींना नमस्कार. त्यांना म्हणावे, मामांची उशी बरोबर द्या.

आपला आज्ञाधारक
लीलाधर

*

चोपडा, ता. २० नोव्हेंबर १९३५

चिरंजीव लीलाधरास आशीर्वाद.

बाईंचे वाचून जिवात जीव आला.

माझ्या पेटीला मिस्तरी नको. ती आहे तशी ठीक आहे. तिचा भाता मी गेल्याच साली चामडे लावून घेतला. बाकी तिला काही झालेले नाही. यावर अधिक पत्रात लिहिण्यासारखे नाही, बुवांनी काही गोष्टी बोलू नयेत असे सांगितले आहे. मंडपात पद वाजवीन तेव्हा जाणत्यांना आपोआप कळेल. हसणारे हसोत.

कळण्याच्या भाकरीचे पीठ आणि भरताची वांगी बरोबर आणतो. तुमच्याकडे मिळतात हे ठाऊक आहे, पण मामी ऐकत नाही. तिने पेटीलाही नवी खोळ शिवली. मी दोनदा शिवण तपासली तर म्हणाली, "पेटी शे का सासरले जाणारी पोर शे?"

चुडामण

*

चोपडा, ता. ४ जानेवारी १९३६

चिरंजीव लीलाधर, आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. पेटी भिजली नाही. तू आणि तुझ्या मंडळींनी फार केले. साठ माणसांच्या पंगती, अंघोळीला ऊन पाणी, आणि माझ्यासाठी वेगळी मऊ भाकरी. प्रमिलाबाईंनी मला खडू दिला नाही, हे मी जन्मभर विसरणार नाही. इतके होऊन पुढचे लिहितो म्हणून मी कृतघ्न आहे असे समजू नको.

अठ्ठावीस तारखेला मी काय केले ते तू समोर बसून पाहिलेस. वाजवण्याआधी मी सभेला म्हणालो, "या पदाचा सगळा जीव गंधारात आहे, तेवढा कान देऊन ऐका." मग वाजवत वाजवत तेथे आलो आणि पट्टी दाबली. तो सूर आला नाही. दुसराच आला. मी थांबलो, परत दाबली, परत दाबली. लोकांना वाटले मी मुद्दाम जोर देतो आहे. त्यांनी टाळ्या दिल्या. पुण्याचे ते उंच गृहस्थ म्हणाले, "वा मास्तर, काय लखलखीत शुद्ध गंधार!" मी त्यांना नमस्कार केला. दुसरे काय करणार होतो.

घरी येऊन रोज पेटी उघडून पाहतो. तोच प्रकार. चाळीस वर्षे जो सूर ऐकला तो ऐकू येत नाही. म्हणजे माझे कान गेले. घसा गेला तेव्हा एवढे वाटले नव्हते, कारण पेटी होती आणि कान होते. मामी माझ्या मागे उभी राहून हळूच हाक मारते, मी वळतो, मग म्हणते, "तुमना कान तं चांगला शेतस." तिला काय समजावणार. भांड्याचा आवाज ऐकू येणे निराळे.

हेडमास्तरांना सांगून आलो की होळीपासून मी थांबतो. ज्याला गंधार ओळखता येत नाही त्याने मुलांना शिकवू नये.

चुडामण

*

धुळे, ता. १२ जानेवारी १९३६

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

कृपा करून शाळा सोडू नका. कान गेले असे मनात आणू नका. मंडपात एकही माणूस हसला नाही, उलट जो तो तुमचेच नाव काढत होता. पुण्याच्या पाहुण्यांनी तर जाताना मुद्दाम विचारले की हे वृद्ध गृहस्थ कोणाचे शागीर्द. मला किती अभिमान वाटला ते सांगता येत नाही.

पुष्कळ वर्षांची सवय असते मामा. थोडे दिवस रोज वाजवा म्हणजे सूर कानात बसेल. प्रमिलाबाईंनी पद पूर्ण उतरवून घेतले आहे. खाली 'रचना : मगनबुवा भडगावकर' असे त्यांनी सुंदर अक्षरात लिहिले. तुम्हाला जे करायचे होते ते झाले. आता मन स्वस्थ ठेवावे.

लीलाधर

*

जळगाव, ता. २ फेब्रुवारी १९३६

श्री. चुडामण मास्तर यांस प्रमिलाबाईचा सप्रेम नमस्कार.

तुमच्याशी ओळख थोडीच, पण एक शंका मनातून जात नाही म्हणून लिहिते. पुस्तकाच्या वह्या तपासून छापखान्यात द्यायच्या आहेत.

मेळाव्याच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, तुम्ही धर्मशाळेच्या ओसरीवर पेटी घेऊन एकटेच बसला होता. मी पाणी प्यायला तेथून चालले होते. तुम्ही हेच पद वाजवत होता. पण त्या वेळचा गंधार शुद्ध नव्हता. कोमलही नव्हता. शुद्धाच्या जरा खाली, कोठेतरी अडून राहिलेला. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. तुम्ही मला पाहिले नाही. मला वाटले, बोलणारे माणूस बोलता बोलता थांबले आणि आता रडणार.

अठ्ठाविसाला मंडपात मात्र तुम्ही स्वच्छ शुद्ध गंधार वाजवलात. मी जे ऐकले ते लिहिले. आता सांगा, खरा कोणता? पहिला असेल तर त्याला आमच्या लिपीत खूण नाही, नवी करावी लागेल. मी तो आठवून म्हणून पाहिला. पण माझा गळा वीस वर्षे शाळेच्या पेटीला बांधलेला. दर वेळी घसरून सरळ सुरावर जाऊन बसतो. एकदाच ऐकला होता, तोही आता निसटत चालला आहे.

उत्तर लवकर यावे.

प्रमिलाबाई

*

चोपडा, ता. ६ फेब्रुवारी १९३६

लीलाधर,

सोबत जळगावच्या बाईंचे पत्र धाडले आहे. ते वाच आणि परत कर.

सव्वीस तारखेला दुपारी सूर होता. अठ्ठावीसला सकाळी नव्हता. सत्तावीसला सकाळी मी तुझ्या घरी अंघोळीला आणि जेवायला आलो होतो, पेटी तुझ्या स्वाधीन होती. पेटीला कोणी हात लावला? मला फक्त एवढे सांग. रागावणार नाही.

चुडामण

*

धुळे, ता. १० फेब्रुवारी १९३६

तीर्थरूप मामांस,

मी लावला. म्हणजे वना मिस्तरीने, पण मी सांगितल्यावरून.

सव्वीसच्या संध्याकाळी तुम्ही मंडपात पेटी जरा उघडून पाहिलीत. गंधाराची पांढरी चार दाबलीत आणि शेजारी बसलेले दोघे पाहुणे एकमेकांकडे पाहून हसले. तुम्ही पाहिले नाही. मी पाहिले. माझ्या अंगाची लाही झाली. दोन दिवसांनी साठ माणसांत हेच होणार, आणि तुम्ही तर मिस्तरी नको म्हणून बसलेले. मला वाटले, जुन्या माणसाचा हट्ट. लहानपणी तुमच्याजवळ शिकताना माझे बोट त्या पट्टीवर गेले की तुम्ही हातावर चापट मारायचा, "ती सोडून वाजव." मी आजवर समजत होतो की ती पट्टी बिघडलेली आहे आणि दुरुस्तीला सवड नाही म्हणून आपण ती टाळतो. कधी विचारले नाही. तुम्हाला प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

वनाने पेटी उघडली तेव्हा तो म्हणाला होता, "भाऊ, हाई आपोआप उतरेल नही शे. कोनी तरी कानशीवर घासेल शे. इचारीसन करूत." मी म्हणालो, विचारायला वेळ नाही. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. तो म्हणाला होता, विचारून करू.

तुमचे जानेवारीचे पत्र वाचले तेव्हाच वनाचे ते शब्द आठवले. तरी मनाची समजूत घातली की एक बेसूर पट्टी सुरात आली, मामांना जुन्या चुकीची सवय होती, सरेल. तुम्ही कान गेले म्हणून लिहिलेत आणि मी गप्प बसलो. तुम्ही मला काय हवे ते म्हणा.

लीलाधर

*

चोपडा, ता. १७ फेब्रुवारी १९३६

चिरंजीव लीलाधर,

काही म्हणत नाही. तुझ्या पत्राने एक चांगले झाले, कान शाबूत आहेत हे कळले. मामीला सांगितले तर तिने देवापुढे गूळ ठेवला. तिला पुढचे सांगितलेले नाही.

आता लपवून उपयोग नाही म्हणून सगळे लिहितो. भडगावला श्रावणात कानबाई देवी बसते, तशी खानदेशात सगळीकडेच बसते. रविवारी बसवतात, सोमवारी गिरणेत निरोप देतात. एका साली बुवा काठावर उभे होते. एक म्हातारी कानबाईला निरोप देताना गात होती आणि एका जागी तिचा गळा दाटून सूर खाली राहिला. वर जाईना. बुवा घरी आले, सोनाराकडून बारीक कानस मागून आणली आणि दिवसभर पेटी उघडून त्या एका सुराच्या आतल्या पितळी पट्टीला थोडे घासायचे, लावायचे, ऐकायचे असे करत बसले. मी भाता मारत होतो. दिवे लागायच्या सुमाराला त्यांनी कानस ठेवली आणि पद बांधले. ते निरोपाचे पद. त्या पट्टीशिवाय ते पद म्हणजे नुसते शब्द.

ते म्हणाले होते, कच्च्या गळ्यात हा गंधार गेला तर नुसता बेसूर होईल आणि लोक त्यालाच माझा म्हणतील. म्हणून मुलांना ती पट्टी दाबू देत नव्हतो. तुलाही. तू मोठा झाल्यावर तरी सांगायला हवे होते. मी म्हटले, पुढच्या सुटीत सांगू, पुढच्या सुटीत सांगू. नोव्हेंबरच्या पत्रात चार ओळी लिहिल्या असत्या तर तू पेटीला हात लावला नसतास. तेव्हा यात माझा वाटा तुझ्यापेक्षा मोठा आहे. मला वाटत होते मंडपात एकदम सर्वांना ऐकवावे. त्यात थोडी माझी मिजासही होती, खोटे कशाला बोलू.

वना मिस्तरीला घेऊन शिमग्यानंतर ये. बुवांनी घासून उतरवला तसा त्याने उतरवावा. मी ऐकून सांगतो.

चुडामण

*

धुळे, ता. २४ मार्च १९३६

तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार.

चोपड्याहून आल्यापासून मी हवेत आहे. तिसऱ्या दिवशी तुम्ही डोळे मिटून "हाच" म्हणालात तेव्हा वनाने कानस खाली ठेवून हात जोडले, आणि मला ओसरीवर जाऊन उभे राहावे लागले. मामींनी विचारले काय झाले, तर मी त्यांच्याच पाया पडलो. त्या म्हणाल्या, "मामा भाचा दोन्ही येडा शेतस."

प्रमिलाबाईंना लगेच कळवले की खरा गंधार पहिला होता आणि तो परत आला आहे. त्या एप्रिलमध्ये स्वतः तुमच्याकडे येऊन ऐकणार, आणि खूण करणार. मामा, माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले. तीन महिने मी शाळेत मुलांपुढे तोंड उघडले की मला तोच सूर आठवायचा.

लीलाधर

*

चोपडा, ता. ३० मार्च १९३६

चिरंजीव लीलाधर,

हे पत्र लिहावे की न लिहावे यात चार दिवस गेले. पण बाई जळगावहून यायला निघतील, म्हणून लिहिणे भाग आहे.

तो सूर 'हाच' नव्हता. मी खोटे बोललो.

पहिल्या दिवशी वनाने घासला तेव्हा वाटले जवळ आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकला तर परका वाटला. पुन्हा घासला, पुन्हा तसेच. तो म्हणाला ते तू ऐकलेस, "मामा, पितळ शे हाई, गहू नही परत उगाले. आता पातळ व्हयी गई." तिसऱ्या दिवशी तू माझ्या तोंडाकडे पाहत बसला होतास. तुझे गाल बसलेले, तो मिस्तरी उपाशी. मी म्हणालो, हाच. तुम्हाला परत जाऊ द्यावे म्हणून म्हणालो.

आता तर याहून वाईट झाले आहे. तीन दिवसांत इतके वेगवेगळे गंधार ऐकले की मूळचा कोणता ते माझ्याच डोक्यात राहिले नाही. शिमग्यापर्यंत तो माझ्या कानात होता. पेटीत नव्हता, पण कानात होता. बाईंच्या पत्रानंतर मी एकट्याने गप्प बसलो असतो तर मरेपर्यंत कानात तरी राहिला असता. शोधायला गेलो आणि तेवढाही घालवला. आता पहाटे उठून आठवू पाहतो तर कधी वनाचा पहिला येतो, कधी दुसरा, कधी तुझ्या पाहुण्यांचा लखलखीत.

बाईंना येऊ देऊ नको. त्यांना मी काय ऐकवू? आणि एक मागणे आहे, ते मात्र मोडू नको. पुस्तकात पद राहिले तर राहू दे, मुले म्हणतील. पण खालचे बुवांचे नाव काढून टाक. हे त्यांचे नव्हे. माझे घाल, कोणाचेही घाल.

चुडामण

*

धुळे, ता. ८ एप्रिल १९३६

तीर्थरूप मामांस,

तुमचे पत्र घेऊन मी तसाच छापखान्यात गेलो. तुमचे पद पहिल्या पानावर आहे, म्हणून पहिला फर्मा तोच छापला होता. पाचशे प्रती बांधूनही झाल्या. खाली मगनबुवांचे नाव आहे.

आणखी एक सांगायचे आहे. नवी खूण छापायला छापखान्यात तसा खिळा नव्हता. म्हणून माझ्या मार्चच्या पत्रावरून प्रमिलाबाईंनी सूर शुद्धच ठेवून तळाला एक टीप घातली. ती अशी आहे : 'या पदाचा गंधार चोपडा येथील श्री. चुडामण मास्तर यांजकडून समक्ष शिकावा.' त्यांनी ते चांगल्या बुद्धीने केले. मीच त्यांना खरे म्हणून कळवले होते.

तुम्ही सांगाल तर पाचशे प्रतींवर हाताने शाई फिरवायला बसतो. पण निम्म्या आजच शाळांकडे गेल्या.

लीलाधर

*

चोपडा, ता. २९ जुलै १९३६

चिरंजीव लीलाधर, अनेक आशीर्वाद.

तुझी चार पत्रे आली, उत्तर दिले नाही. प्रकृती बरी आहे. मामीने दम दिला की आज लिहिल्याशिवाय ताट वाढणार नाही, म्हणून बसलो आहे. तू स्वतःला त्रास करून घेतोस असे तुझ्या मंडळींनी मामीला कळवले आहे. तसे करू नको.

शाई फिरवली नाहीस ते बरे केलेस. टीप वाचून ज्येष्ठात एक शिक्षक आला होता. भडगावचाच, बुवांच्या गल्लीतला. पंचविशीचा असेल. पुस्तक रुमालात बांधून आणले होते. बैलगाडीने, मग मोटारीने, मग नावेने आला. म्हणाला, "आबा, तो गंधार द्या." मी त्याला पद म्हणायला सांगितले. गळा फार चांगला होता. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तसाच म्हण, तोच बरोबर आहे." त्याला खरे वाटले नाही. मला वाटते त्याची समजूत झाली की म्हातारा कंजूष आहे, विद्या दाबून ठेवतो. जाताना पाया पडला, पण तोंड पाडून गेला. मामी म्हणाली, एवढ्या लांबून आलेल्या पोराला काहीतरी सांगायचे होते.

वनाला निरोप धाडून त्या पट्टीच्या जागी नवी पितळी पट्टी बसवून घेतली आणि पेटी शाळेला दिली. आता ती कोणाच्याही गळ्याला चालते.

परवा सोमवारी येथे कानबाईचा निरोप झाला. शाळेतल्या मुलींनी नदीवर पुस्तकातले पद म्हटले. पेटी माझ्या जागी आलेल्या नव्या बाईंनी वाजवली. सुरुवातीला त्यांनी बुवांचे नाव मोठ्याने वाचून दाखवले. मी मागे, वाळूत उभा होतो. गंधारावर मुली सरळ चढून गेल्या, कोठे अडल्या नाहीत.

आणि बाया रडल्या. सगळ्या रडल्या. तुझी मामीसुद्धा पदराने डोळे पुसत होती. घरी येताना म्हणाली, "तुमना बुवानं पद भलतं गोड शे. इतला वरीस का लपाडी ठेवं?"

मी तिला सांगणार होतो की हे ते नव्हे. पण सांगून तिला ऐकवणार काय होतो?

मामा